१९४७ ची शवाल ब्लां: बिघडता बिघडता राहिलेली वाइन

तुमचा प्रश्न असा होता: शातो शवाल ब्लांच्या १९४७ सालच्या वाइनला गेल्या शतकातली सगळ्यात थोर बोर्दो (म्हणजे फ्रान्सच्या बोर्दो भागातली वाइन) म्हणतात आणि तीच वाइन सदोष होती असंही वाचायला मिळतं, तर खरं काय? शिवाय ब्रसेल्सला राहणाऱ्या तुमच्या मामेभावाला अशा एका बाटलीत आठवा हिस्सा मिळतोय, तो त्याने घ्यावा का?

आधी कबुली देतो. मी ही वाइन प्यालेलो नाही. नाशिकला बावीस वर्षं वाइन करतोय. या इस्टेटच्या अलीकडच्या दोन सालांचे घोट तेवढे नशिबी आले, तेही दुसऱ्याच्या खर्चाने. त्यामुळे ती जिभेवर कशी लागते ते मी सांगणार नाही. पण १९४७ च्या सप्टेंबरात त्या तळघरात काय चाललं असणार, हे मला बऱ्यापैकी कळतं. कारण तसंच आमच्या टाकीत एकदा झालंय, आणि आमचं निभावलं नाही.

आधी जागा समजून घ्या. बोर्दो शहराच्या पूर्वेला, दोर्दोन्य नदीच्या उजव्या काठावर सेंत-एमिलियों गाव आहे. त्या गावाचं नाव झालं ते चुनखडीच्या पठारामुळे. शवाल ब्लां मात्र त्या पठारावर नाही. ती पार वायव्येला, पोमेरोल या शेजारच्या वाइनच्या गावाच्या शिवेला लागून आहे. तिथे चुनखडी नाही, एका तुकड्यात गोटे-वाळू, शेजारच्या तुकड्यात चिकणमाती. सगळी मिळून साधारण ३९ हेक्टर, म्हणजे आपल्या हिशेबाने शंभर एकरांच्या आत. आजूबाजूला सगळीकडे मेर्लो द्राक्षाचं राज्य असताना इथे काबर्ने फ्रां ही द्राक्षाची जात मेर्लोच्या बरोबरीने, किंबहुना थोडी जास्तच लावलेली. पुढचं सगळं समजायला ही एकच गोष्ट लक्षात ठेवा.

काबर्ने फ्रां अर्धवट पिकली तर वाइनला ढोबळ्या मिरचीचा हिरवा वास येतो. हा वास देणारी पायराझिन नावाची द्रव्यं उन्हाने आणि पक्वतेने कमी होत जातात. बोर्दोत जुन्या काळी दर दोन-तीन वर्षांनी एखादा हंगाम असा यायचा की या जातीला पिकायला ऊनच पुरायचं नाही. अशा वर्षी रसात साखर घालून अल्कोहोल ११-१२ टक्क्यांपर्यंत आणायचे, आणि त्यात कुणाला काही वावगं वाटत नसे.

१९४७ ला उलट झालं. उन्हाळा भाजून काढणारा होता आणि काढणी सप्टेंबरच्या मध्याला सुरू झाली तेव्हाही उष्मा कमी झालेला नव्हता. द्राक्षांत साखर इतकी भरली की नंतरच्या तपासण्यांत या वाइनचं अल्कोहोल १४.४ टक्के निघालं. उलटा हिशेब केला तर रसात लिटरला २४० ग्रॅमच्या आसपास साखर असणार, आमच्या भाषेत २४-२५ ब्रिक्स (रसातल्या साखरेचं माप). नाशिकच्या माणसाला हे वाचून हसू येईल. आमच्या शिराझ द्राक्षाला फेब्रुवारीत एवढा ब्रिक्स सहज येतो. पण १९४७ च्या बोर्दोत हा आकडा कुणाच्या तयारीतला नव्हता. टाक्यांना थंड करणारी यंत्रणा नाही, द्राक्षं दुपारच्या उन्हात तोडून गरमागरम आत आणलेली, आणि इलाज म्हणून फार तर बर्फाच्या लाद्या.

आता टाकीच्या आत काय होतं ते सांगतो. यीस्ट साखर खातं, अल्कोहोल करतं आणि उष्णता सोडतं. लाल वाइनमधे सालं वर तरंगून त्यांचा जाड थर बनतो, आणि थराच्या आतलं तापमान खालच्या रसापेक्षा काही अंश जास्तच असतं. पारा ३५ च्या वर गेला की यीस्ट दमायला लागतं. त्यात अल्कोहोल १३ च्या पुढे गेलेलं असेल तर ते मरतंच. साखर शिल्लक, यीस्ट मेलेलं, रस कोमट. दुधाचं भांडं रात्रभर ओट्यावर राहिलं तर जे होतं तेच इथे. लॅक्टिक आम्लाचे जीवाणू त्या उरलेल्या साखरेवर तुटून पडतात आणि तिचं ॲसिटिक आम्ल करतात, म्हणजे व्हिनेगरमधलं आम्ल. या धंद्यात त्याला आम्ही नुसतं 'व्हीए' (व्होलाटाइल ॲसिडिटी) म्हणतो. त्याच्या जोडीने इथाइल ॲसिटेट येतं, ज्याचा वास थेट नेलपॉलिश रिमूव्हरचा.

आमच्याकडे झालं ते असं. मी तेव्हा दुसऱ्यांच्या वायनरीत नोकरीला होतो. आठ हजार लिटरची शिराझची टाकी, २५.५ ब्रिक्स, फर्मेंटेशनचा, म्हणजे रस आंबण्याचा, चौथा दिवस. रात्री साडेअकराला वीज गेली. जनरेटर दहा मिनिटं चालून बंद पडला, आणि टाकी थंड ठेवणारा चिलर थांबला. पहाटे पाचला वरच्या झाकणातून थर्मामीटर सालांच्या थरात खुपसला तर ३९. बादलीने रस काढून वर ओतत राहिलो, ओल्या गोणपाटांनी टाकी गुंडाळली, पण उशीर झाला होता. त्यानंतर तीन सकाळ रसाची घनता मोजणारा हायड्रोमीटर १.००८ वर अडून बसला. काचेच्या नळीत तो तरंगतोय, बुडबुडा एक नाही, आणि मी उगाच नळी हलवून पुन्हा वाचतोय. म्हणजे लिटरला तीस ग्रॅमच्या वर साखर तशीच पडून. चौथ्या दिवशी झाकण उघडलं तर लोणच्याची जुनी बरणी उघडल्यासारखा भपकारा आला. नवीन यीस्ट तयार करून थोडं थोडं पाजलं, साखर कशीबशी संपवली, पण व्हीए तोवर हाताबाहेर गेला होता. ती टाकी डिस्टिलरीला गेली. जनरेटरचं डिझेल कुणी तपासायचं होतं, यावर महिनाभर चर्चा झाली.

म्हणून 'दोषामुळेच ती थोर झाली' असं कुणी लिहिलं की मला राग येतो. त्या वर्षी बोर्दोतल्या कितीतरी तळघरांत हाच प्रसंग आला. बोर्दोच्या दुसऱ्या बाजूला, जिरोंदच्या डाव्या काठावरच्या मेदोकमधे तर १९४७ साल फार बेभरवशाचं ठरलं. अनेक वाइन आंबटल्या आणि काही वर्षांत संपल्या. आपण बोलतो ते त्यातून वाचलेल्यांबद्दल. उजव्या काठावर शवाल ब्लां वाचली, पोमेरोलमधल्या पेत्रुस आणि लाफ्लर वाचल्या, आणि या तिघींचीही १९४७ आज डोक्यावर घेतली जाते. गेलेल्यांची नावं कुणी लिहून ठेवत नाही.

शवाल ब्लांच्या १९४७ मधे व्हीए भरपूर आहे, हे खुद्द तिचे चाहतेच सांगतात. साखरही पूर्ण संपलेली नाही. पण उरलेल्या साखरेचा आकडा बघा. लिटरला तीन ग्रॅमच्या आसपास. आमच्या त्या टाकीत तीसच्या वर होती. मला सगळं गुपित या फरकात दिसतं. त्यांचं फर्मेंटेशन अडलं खरं, पण पार वेशीवर येऊन अडलं. जीवाणूंना खायला फारसं उरलंच नव्हतं. यीस्ट आणखी दोन दिवस आधी मेलं असतं, वीसेक ग्रॅम साखर मागे राहिली असती, तर आज या वाइनचं नावही कुणी घेतलं नसतं.

आणखी एक गैरसमज इथेच काढून टाकतो. लोक लिहितात की ती पोर्ट या पोर्तुगालच्या गोड वाइनसारखी लागते, कारण तिच्यात साखर राहिली. तीन ग्रॅम साखर लाल वाइनमधे जिभेला जेमतेम कळते. सालांतलं तुरट टॅनिन असेल तर तेवढीही नाही. गोडवा भासतो तो मुख्यतः अल्कोहोलमुळे, ग्लिसरॉलमुळे आणि अतिपक्व फळाच्या वासामुळे. पोर्टमधे लिटरला शंभराच्या आसपास ग्रॅम साखर असते आणि वरून ब्रँडीसारखा स्पिरिट घातलेला असतो. १९४७ मधे स्पिरिट घातलेला नाही. तुलना वासापुरती आणि अंगाच्या भरदारपणापुरती खरी, त्यापुढे नाही.

मग व्हीएने चव बिघडली कशी नाही? याचं उत्तर स्वयंपाकघरात मिळेल. बासुंदी आटवताना तळाला किंचित लागली तर काही घरांत तोच वास आवडतो, ती खरपूस म्हणतात. दोन मिनिटं जास्त झाली की तीच करपलेली. व्हीएचंही तसंच आहे. स्वच्छ लाल वाइनमधे लिटरला अर्धा ग्रॅमच्या आगेमागे असतो. युरोपीय कायद्याने लाल वाइनला १.२ ग्रॅमपर्यंत मुभा आहे. या दोहोंच्या मधे एक पट्टा असा असतो की तिथे इथाइल ॲसिटेट फळाचा वास वर उचलून धरतं. पण त्यासाठी खाली फळ तेवढं दाट हवं. पातळ वाइनमधे तोच व्हीए उघडा पडतो. १९४७ च्या त्या काबर्ने फ्रांमधे फळ होतं, टॅनिन होतं, आणि हिरव्या मिरचीचा मागमूस नव्हता. अल्कोहोलनेही पुढच्या जीवाणूंना आवर घातला. आंबटपणा कमी असूनही ती मुरत गेली आणि पन्नास-साठ वर्षं टिकली, ते यामुळे. आपल्या भाषेत 'मुरणं' हा शब्द लोणच्याला, मुरांब्याला आणि माणसालाही लागतो. वाइनला इतका चपखल शब्द मला दुसरा सापडलेला नाही.

तेव्हाच्या माणसांना यातलं किती कळत होतं? कष्ट होते, नाक होतं, अनुभव होता. पण मॅलोलॅक्टिक नावाचं दुसरं किण्वन असतं, ज्यात जीवाणू वाइनमधलं तीव्र मॅलिक आम्ल सौम्य लॅक्टिक आम्लात बदलतात, ते मुद्दाम आणि वेळेवर करून घ्यायचं असतं, हे बोर्दोत रुजलं ते वाइनशास्त्रज्ञ एमिल पेनो आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या कामानंतर. १९४७ मधे वाइन वसंतात पुन्हा 'हलायला' लागली की लोक म्हणत, वेलीला पालवी फुटतेय म्हणून वाइनही जागी झाली. ऐकायला गोड आहे. प्रत्यक्षात जीवाणू कामाला लागलेले असायचे.

आज ही वाइन पुन्हा करता येईल का, असा प्रश्न पुष्कळ जण विचारतात. मुद्दाम करता येणार नाही, आणि करू नये. १९५६ च्या फेब्रुवारीत आलेल्या भीषण थंडीने सेंत-एमिलियों आणि पोमेरोलमधल्या असंख्य वेली मेल्या. शवाल ब्लांलाही मोठा फटका बसला. इस्टेट पिढ्यान्‌पिढ्या फुर्को-लोसाक घराण्याकडे होती, १९९८ मधे ती बर्नार आर्नो आणि आल्बेर फ्रेर या दोन उद्योगपतींनी घेतली. २०११ मधे वास्तुकार क्रिस्तियां द पोर्झांपार्कने बांधलेलं नवं तळघर सुरू झालं. त्यात काँक्रीटच्या ५२ टाक्या आहेत, म्हणजे बागेच्या प्रत्येक तुकड्याची द्राक्षं वेगळी आंबवता येतात आणि तापमान बटणावर. उष्ण वर्षं आता दर दोन-तीन वर्षांनी येतात, १४ टक्के अल्कोहोलची तिथे कुणी बातमी करत नाही, पण कुणाचं फर्मेंटेशन वेशीवर येऊन अडत नाही. अडलं तर तो वाइनमेकर नोकरी शोधायला लागेल.

आता बाटलीकडे येतो, कारण पैसे तुमच्या मामेभावाचे जाणार आहेत.

सगळ्यात आधी त्याला सांगा की तो '१९४७ ची शवाल ब्लां' घेत नाहीये, एक विशिष्ट बाटली घेतोय. पंचाहत्तरच्या वर वर्षं झाली. इतक्या काळात एकाच पिंपातून भरलेल्या दोन बाटल्याही सख्ख्या राहत नाहीत. एक थंड तळघरात पडून राहिली असेल, दुसरी तीन देश फिरली असेल. २०१० च्या नोव्हेंबरात जिनिव्हात ख्रिस्टीजच्या लिलावात या वाइनची सहा लिटरची एक इम्पेरियाल बाटली तीन लाख चार हजार डॉलरला गेली. त्यात मोठ्या बाटलीचं मोल आहे: बूच जवळपास तेवढंच, आणि आत वाइन आठपट, त्यामुळे हवेचा परिणाम सावकाश होतो. त्या किमतीवरून साध्या बाटलीतल्या वाइनचा अंदाज बांधू नका.

दुसरं, तुमचा मामेभाऊ ब्रसेल्सला आहे हे ऐकून मला बरं वाटलं. त्या काळी बोर्दोची बरीच वाइन पिंपातून परदेशी व्यापाऱ्यांकडे जायची आणि ते आपल्याकडे बाटल्या भरायचे. बेल्जियम तर यासाठी प्रसिद्ध. तिथल्या व्हॅन डर मुलेन या व्यापाऱ्याने भरलेल्या १९४७ च्या बाटल्या जाणकार आजही शोधतात, आणि काहींच्या मते त्या इस्टेटमधे भरलेल्यांच्या तोडीस तोड आहेत. तेव्हा लेबल वेगळं दिसलं, व्यापाऱ्याचं नाव दिसलं, तर लगेच नकली म्हणून हात झटकू नका.

पण याच कारणाने नकली मालही सोपा झाला. एकच ठराविक लेबल नसेल तर खोटं लेबल पकडायचं कशाशी ताडून? रुडी कुर्नियावान नावाच्या माणसाने अमेरिकेत वर्षानुवर्षं जुन्या फ्रेंच वाइनच्या खोट्या बाटल्या घरी बनवून विकल्या. २०१२ मधे त्याला पकडलं, २०१३ मधे दोषी ठरवलं, आणि २०१४ मधे दहा वर्षांची शिक्षा झाली. त्याचं बिंग फुटायला सुरुवात झाली ती बुर्गोन्य या फ्रेंच वाइन-प्रदेशातल्या लोराँ पोन्सो या वाइनमेकरमुळे. त्याच्या घराण्याच्या ज्या बागेची वाइन १९८२ च्या आधी त्यांनी कधी केलीच नव्हती, तिच्या १९४५ च्या बाटल्या २००८ मधे न्यूयॉर्कच्या लिलावात आल्या. वाइनमधे तज्ज्ञ असलेली मोठमोठी माणसं त्या खोट्या बाटल्या पिऊन डोलत होती, हे मला त्या प्रकरणातलं सगळ्यात शिकवणारं वाटतं. चवीवरून १९४७ ओळखीन असं कुणी म्हणालं, तर मान डोलवा आणि कागद मागा.

शास्त्रीय तपासणीही आहे. बोर्दोत फिलिप ह्युबेर या भौतिकशास्त्रज्ञाने बाटली न उघडता सीझियम-१३७ हे किरणोत्सारी द्रव्य मोजायची पद्धत बसवली. अणुचाचण्यांची धूळ १९५० च्या दशकापासून मोठ्या प्रमाणावर हवेत पसरली आणि द्राक्षांत उतरली, त्यामुळे १९४७ च्या म्हणवणाऱ्या बाटलीत ते ठळकपणे सापडलं तर आतली वाइन नंतरची आहे हे सिद्ध होतं. उलट सापडलं नाही, तर वाइन जुनी आहे इतकंच कळतं. ती शवाल ब्लां आहे की शेजारच्या गावठी बागेची, हे ते यंत्र सांगत नाही. आठव्या हिश्श्यासाठी हा खर्च कुणी करणार नाही, पण विकणाऱ्याने 'प्रयोगशाळेचा दाखला आहे' म्हटलं तर तो कशाचा दाखला आहे हे मामेभावाला ठाऊक असावं.

त्याला करायला सांगा ते साधं आहे. बाटली प्रकाशासमोर धरून फोटो मागवायचा. वाइनची पातळी मानेच्या बुडाशी किंवा खांद्याच्या वरच्या वळणावर असेल तर इतक्या वयाला उत्तम. खांद्याच्या मध्यापर्यंत उतरली असेल तर जुगार. त्याखाली असेल तर व्हीएच्या गप्पा संपल्या, व्हिनेगरच समजा. उलट पातळी पार मानेत, बुचाला लागून असेल आणि बूच बदलल्याचा काही कागद नसेल, तर मी जास्त घाबरेन. बाटली आजवर कुणाकुणाच्या तळघरात होती, हे तोंडी नव्हे, बिलांवरून पाहायचं. आणि आठ जणांत ७५० मिलीलिटर म्हणजे गाळ सोडून प्रत्येकी फार तर ८५ मिलीलिटर, आपल्या चहाच्या कटिंगएवढं. किंमत त्या मापाने लावून बघायला सांगा. पातळी ठीक, कागद ठीक आणि पैसे गेले तर झोप उडणार नाही, अशी तिन्ही उत्तरं आली तर घ्यावा. मी घेतला असता.

घेतलाच, तर बाटली आठवडाभर आधी उभी करून ठेवायला लावा म्हणजे गाळ तळाला बसेल. बूच दोन पात्यांच्या ओपनरने काढा, स्क्रूने ते भुगा होतं. डिकँटरमधे (वाइन ओतून ठेवायच्या काचेच्या भांड्यात) तासन्‌तास हवा देण्याचा उत्साह कुणी दाखवला तर त्याला दुसरं काम द्या. इतकी जुनी वाइन उघडल्यावर तासाभरात मावळू शकते. ओतल्याबरोबर पहिला वास व्हीएचा येईल. तो आला म्हणून तोंड वाकडं करायचं नाही, पाच मिनिटं थांबायचं आणि पुन्हा नाक घालायचं.

आणि माझं एक काम करायला सांगा. ग्लास त्या रात्री धुवू नका. सकाळी रिकाम्या ग्लासात व्हिनेगर उरलंय की फळ, ते वास घेऊन मला कळवा.